सातवीतल्या मुलाच्या हाती लॅपटॉप

रविवारची मिस्सा आटोपून मंडळी देवळाबाहेर आली की पावसापाण्याच्या आणि भातशेतीच्या गोष्टी निघतात, हा आपल्या गावांचा जुना रिवाज आहे. अलीकडे त्या गोष्टींत एक नवा प्रश्न मिसळलेला आम्हांस ऐकू येतो. “मुलगा सातवीत गेला. आता लॅपटॉप लागेल म्हणतो. घ्यावा की न घ्यावा?” विचारणाऱ्या बापाच्या मनात एकीकडे किमतीचा हिशेब चाललेला असतो, आणि दुसरीकडे आपले मूल मागे तर पडणार नाही ना, ही धास्ती असते. कोणी सोसायटीचे कर्ज काढण्याच्या विचारात असतो, तर कोणा माउलीची नजर आपल्या हातांतील बांगड्यांकडे वळलेली असते. म्हणून ह्या प्रश्नाचा शांतपणे विचार करावा, असे आम्हांस वाटले.

हा प्रश्न जगात सर्वप्रथम आपल्यालाच पडला आहे असे नाही. अमेरिकेच्या ईशान्य टोकास मेन नावाचे राज्य आहे. दाट अरण्ये, मच्छीमारांची खेडी आणि विरळ वस्ती असा तो मुलूख. सन २००० च्या सुमारास तेथील सरकारी तिजोरीत अनपेक्षित शिल्लक उरली. तेव्हाचे गव्हर्नर अँगस किंग ह्यांनी असा विचार मांडला की, ह्या पैशातून राज्यातील सातवीच्या प्रत्येक मुलास एकेक लॅपटॉप द्यावा. लोकांनी प्रथम कडाडून विरोध केला. रस्ते, शाळांची छपरे, करांत सूट अशी दुसरी कामे का नकोत, असे ते विचारू लागले. तथापि पुष्कळ वादविवादानंतर योजना मंजूर झाली, आणि २००२ च्या शरद ऋतूत सुमारे १७,००० मुलांच्या हाती ही यंत्रे आली. पुढील वर्षी आठवीच्या मुलांसही ती मिळाली.

ह्या योजनेमागे सीमोर पॅपर्ट ह्या गणितज्ञाचा सल्ला होता. मुलांसाठी ‘लोगो’ नावाची संगणकभाषा तयार करणाऱ्यांपैकी ते एक होत, आणि उत्तरायुष्यात ते मेन राज्यातच राहत असत. त्यांचे म्हणणे साधे होते. ज्या वर्गात सगळ्यांत मिळून एकच पेन्सिल आहे, त्या वर्गात लिहिणे म्हणजे काय हे मुलांना कसे कळावे? पेन्सिल ज्याची त्याच्या हाती हवी, तसेच संगणकाचे आहे.

आता फळ काय मिळाले, ते पाहू. सन २००० मध्ये मेनमधील आठवीची शेकडा २९.१ मुले लेखनाच्या परीक्षेत अपेक्षित पातळी गाठीत असत. २००५ साली हे प्रमाण शेकडा ४१.४ झाले. लिहावे, खोडावे, पुन्हा लिहावे, शिक्षकांस दाखवावे आणि पुन्हा सुधारावे, हे काम यंत्रावर सोपे झाले, म्हणून हा लाभ झाला असे अभ्यासकांस वाटले. परंतु इतर विषयांच्या गुणांत तशी वाढ डोळ्यांत भरली नाही. ज्या शाळांत शिक्षकांस नीट तयार केले होते, तेथे यंत्राने धडे फुलले. जेथे जुनाच धडा नुसता पडद्यावर आला, तेथे फारसे काही बदलले नाही.

इतर देशांचा अनुभवही ह्याहून निराळा नाही. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाने गरीब मुलांस लाखो लहान लॅपटॉप वाटले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मुलांच्या गणितात किंवा भाषेत त्यामुळे सुधारणा झाल्याचे आढळले नाही. ह्याच जातीचे लॅपटॉप २००७ साली आपल्या रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळील खैराट ह्या चिमुकल्या गावच्या शाळेतही आले होते. स्वीडन हा तर श्रीमंत आणि सुधारलेला देश. तेथे पडद्यांचा अतिरेक झाल्याचे सरकारच्या ध्यानी आले, आणि २०२३ साली शाळांत पुन्हा छापील पुस्तके आणण्याकरिता ६८ कोटी ५० लक्ष क्रोनर मंजूर करण्यात आले.

ह्यावरून लॅपटॉप निरुपयोगी आहे, असा निष्कर्ष काढणे आम्हांस रास्त वाटत नाही. २०२० व २०२१ ह्या महामारीच्या वर्षांत शाळांना कुलुपे लागली. तेव्हा एकाच मोबाईलवर तीन भावंडांनी आळीपाळीने धडे घेतले, आणि संपर्क मिळावा म्हणून मुले टेकडीवर जाऊन बसली, हे आपण आपल्या डोळ्यांनी पाहिले. ज्याच्या घरी यंत्र नव्हते, त्याचे वर्ष वाया गेले. तात्पर्य, यंत्र नसणे हेही एक दारिद्र्यच आहे. पण केवळ यंत्र असणे म्हणजे विद्या नव्हे.

येथे शाळेचा लॅपटॉप आणि घरचा लॅपटॉप ह्यांतील भेद ओळखला पाहिजे. प्रत्येकाने आपापला आणावा, अशी मोकळीक शाळेने दिली की सावकाराच्या मुलाकडे नवा कोरा आणि मजुराच्या मुलाकडे काहीच नाही, असे दृश्य वर्गात दिसू लागते. बारा वर्षांच्या कोवळ्या मनास ही बोचणी फार लागते. शाळेने सर्वांस सारखेच यंत्र दिले तर ती टळते. मेनच्या योजनेतील थोरवी आम्हांस येथेच दिसते. मात्र शाळेच्या यंत्राबरोबर शाळेची नजरही घरात येऊ शकते. अमेरिकेतील पेनसिल्वेनिया राज्यात एका शाळामंडळाने दिलेल्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यांतून विद्यार्थ्यांची त्यांच्या घरातील छायाचित्रे नकळत घेतली गेली. २०१० साली हे प्रकरण न्यायालयात गेले आणि मंडळास ६,१०,००० डॉलर देऊन ते मिटवावे लागले. तेव्हा यंत्र कोणाचे, त्यात काय बसवले आहे, मोडल्यास भरपाई कोणी द्यायची, हे प्रश्न सही करण्यापूर्वी मुख्याध्यापकांस वा सिस्टरांस नम्रपणे परंतु स्पष्टपणे विचारावेत. त्यात संकोच नको.

आता आपल्या उंबरठ्याच्या आतील गोष्ट. १९६५ साली द्वितीय व्हॅटिकन परिषदेने शिक्षणाविषयीच्या आपल्या घोषणेत सांगितले की, आईबाप हेच मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक होत. हे पद कोणतेही यंत्र त्यांच्याकडून घेऊ शकत नाही, आणि त्यांनीही ते यंत्राच्या स्वाधीन करू नये. “आम्हांस त्यातले काही कळत नाही” असे म्हणून पुष्कळ पालक बाजूला होतात. पण मुलाचा चेहरा तर कळतो! रात्री दार लावून घेणारा, विचारले की चिडणारा, न्याहारीच्या वेळी पेंगणारा मुलगा कशात गुंतला आहे, हे ओळखावयास संगणकाचे ज्ञान लागत नाही.

ह्यासाठी आम्ही काही साधे नियम सुचवितो. यंत्र ओटीवर किंवा माजघरात, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेसमोर असावे. संध्याकाळच्या रोझरीपूर्वी ते मिटावे, आणि रात्री आईबापांच्या खोलीत राहावे. आठवड्यातून एकदा, “आज काय पाहिलेस?” ह्याऐवजी “ह्यावर तू काय केलेस ते दाखव” असे मुलास म्हणावे. पाहणारा मुलगा आणि करणारा मुलगा ह्यांत फार अंतर असते. आणि नियम घालणाऱ्या बापाने जेवताना स्वतःचा मोबाईलही बाजूस ठेवावा. त्याखेरीज त्या नियमास वजन येत नाही.

करणाऱ्या मुलाचे उदाहरण ख्रिस्तसभेने आपल्यापुढे ठेवलेच आहे. इटलीतील कार्लो आकुतिस हा मुलगा २००६ साली अवघ्या पंधराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने वारला. त्याला संगणकाची विलक्षण आवड होती. त्या आवडीतून त्याने जगभरच्या पवित्र साक्रामेंताच्या चमत्कारांची माहिती गोळा करून ती इंटरनेटवर मांडली. तो रोज मिस्साला जात असे. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे ह्यांनी त्याला संतपद बहाल केले. ज्या यंत्रापुढे इतर मुले वेळ घालवीत, त्याच यंत्रापुढे बसून ह्या मुलाने देवाची सेवा केली.

तेव्हा, देवळाबाहेर आम्हांस प्रश्न विचारणाऱ्या त्या बापास आमचे उत्तर असे आहे. शाळेत शिक्षक तयार असतील आणि काम खरोखर असेल, तर यंत्र अवश्य मिळू द्या. पण त्यापायी बांगड्या गहाण ठेवू नका. दोनतीन घरांनी मिळून एक घेता येईल, किंवा धर्मग्रामाच्या सभागृहात चारदोन यंत्रे ठेवून मुलांना शाळेनंतर तेथे बसवता येईल. हा विषय येत्या सभेत फादरांपुढे मांडावा. पूर्वी आपल्या गावांत एकाच दिव्याखाली शेजारपाजारची मुले अभ्यासास बसत, आणि त्या उजेडात कोणी वडीलधारे माणूस जवळ असे. दिवा नवा आला आहे. जवळ बसणारे वडीलधारे माणूस मात्र आपणच असले पाहिजे.