कृष्णाकाठी सायकलीवरून एक दिवस

नकाशात नदी ही एक निळी रेघ असते आणि रस्ता ही एक तांबडी रेघ. त्या दोहोंमधील जमीन कोठे चढते, कोठे उतरते व कोठे सपाट होते, हे त्या कागदावरून सहसा उमगत नाही. मोटारीत बसणारासही ते कळत नाही. कारण चढाचे श्रम यंत्र सोसते. सायकलस्वाराचे तसे नाही. जमिनीचा प्रत्येक कल त्याच्या पोटऱ्यांना मोजावा लागतो. अशा मोजणीने नदीच्या प्रदेशाविषयी काय कळते, हे महाबळेश्वर ते हरिपूर या आमच्या सायकल-प्रवासातील शेवटच्या दिवसावरून येथे सांगावयाचे आहे.

कृष्णा महाबळेश्वरी उगम पावते. तेथून अरबी समुद्र जवळ असूनही ती पूर्वेची वाट धरते आणि सुमारे १,४०० किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागरास मिळते. पसरणीचा घाट उतरून वाईस येईपर्यंत आमचे हात ब्रेकवरून निघाले नव्हते. पुढे माहुलीस वेण्णा मिळते आणि कराडास कोयना. ही कोयनाही महाबळेश्वरचीच. परंतु ती सह्याद्रीच्या आतल्या खोऱ्यातून दक्षिणेस जाते, हेळवाकजवळ पूर्वेस वळते आणि कराडास कृष्णेच्या समोरासमोर येऊन भेटते. म्हणूनच त्या स्थळास प्रीतिसंगम म्हणतात.

मार्गशीर्षातील थंड पहाटे, नदीवर धुके असतानाच, आम्ही कराड सोडले. सांगलीपर्यंतची मजल पाऊणशे किलोमीटरांच्या आसपास होती. नदीबरोबर खाली जावयाचे, तेव्हा उताराचा लाभ मिळेल, अशी आमच्यातील काहींची अपेक्षा होती. प्रत्यक्षात दिवसभर पायडल मारणे सुटले नाही. पूर्वेचा वारा तोंडावर येत होता आणि जमिनीचा उतार इतका अल्प की पायांना तो जाणवेना. या एका गोष्टीतच त्या प्रदेशाचे सारे मर्म आहे.

उतार अल्प झाला म्हणजे पाण्याचा वेग मंदावतो व नदी वळणे घेऊ लागते. वळणाच्या बाहेरचा काठ ती कोरते आणि आतल्या काठावर गाळ टाकते. तीच मळईची जमीन. उसाचे उंच फड, हळदीची शेते व भाजीचे मळे या गाळावरच पोसले आहेत. साखर कारखान्यांकडे निघालेल्या ट्रॅक्टरांना व बैलगाड्यांना वाट देण्यासाठी आम्हांस वारंवार कडेला उतरावे लागले. तेव्हा चाकांस चिकटणारी काळी माती काटकीने खरवडून काढताना तिच्या सुपीकतेची साक्षच पटत होती.

बहे येथे नदीच्या पात्रातील बेटावर रामलिंगाचे देवालय आहे. समर्थ रामदासस्वामींनी स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकी एक येथलाच. दुपारी औदुंबरास दत्तमंदिराच्या घाटावर आम्ही शिदोरी सोडली. त्या वेळी पाणी पायऱ्यांच्या पुष्कळ खाली होते. परंतु पावसाळ्यात ते मंदिरातही शिरते. पूल ओलांडून आम्ही भिलवडीस आलो व पुढे, येरळा जेथे कृष्णेस मिळते त्या ब्रह्मनाळास गेलो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात याच गावी पूरग्रस्तांना बाहेर काढणारी नाव उलटली व अनेक ग्रामस्थ बुडाले. त्यांत स्त्रिया व मुलेही होती. तेथे आम्ही सायकलींवरून उतरून काही अंतर पायीच चाललो.

सांगलीचा आयर्विन पूल १९२९ मध्ये खुला झाला. तेथे पाण्याची ४५ फूट ही धोक्याची पातळी मानतात. २००५ मध्ये पाणी ५३ फुटांच्या वर गेले आणि २०१९ मध्ये ५७ फुटांवर. डोंगरात कोसळलेला पाऊस वेगाने खाली येतो. परंतु या सपाटीवर आल्यावर त्यास पुढे सरकण्यास उतार सापडत नाही. त्यातच हरिपुरास वारणा व पुढे नृसिंहवाडीस पंचगंगा मिळते. सर्वच नद्या एकाच वेळी भरल्या म्हणजे एकीचे पाणी दुसरीस अडविते आणि पूर दिवसचे दिवस ओसरत नाही. आमच्या पायांना जो उतार सापडला नाही, तोच पाण्यालाही सापडत नाही.

सायंकाळी हरिपुरास संगमावर पोहोचलो. येथील जमिनीत खोदलेल्या पेवांत हळद वर्षानुवर्षे न किडता राहत असे. २००५ च्या पुरात त्यांत पाणी शिरले व पुष्कळशी पेवे निकामी झाली.

वाळूवर घर बांधणाऱ्या मूर्ख मनुष्याचा दाखला शुभवर्तमानात आहे व तो आपण सर्वांनी ऐकला आहे. तथापि नदीकाठच्या माणसास त्या मापाने मोजणे न्यायाचे होणार नाही. जो पूर त्याचे घर बुडवितो, त्याच पुराने आणलेल्या मातीवर त्याचे, आणि आपलेही, अन्न पिकते. त्याने काठ सोडावा असे नव्हे. घर कोठवर आणावे व शेत कोठवर न्यावे, याची मर्यादा सर्वांनी ओळखावी, इतकेच.

आमच्या विद्यार्थिबंधूंपैकी जे पुढे अशा प्रवासास निघतील, त्यांनी पंप व पंक्चरचे सामान यांबरोबर एक वही अवश्य न्यावी. प्रत्येक गावी एखाद्या वृद्ध गृहस्थास पाणी कोठवर आले होते हे विचारावे व ते टिपून ठेवावे. अशी वही भरली, तर प्रवास सत्कारणी लागला असे खुशाल समजावे.