पोशेऱ्याची जीप, गायरोप्लेन आणि प्लास्टिकची एक बाटली



गाडीचं बॉनेट उघडलं की रेडिएटरच्या आसपास एक पांढुरकी प्लास्टिकची बाटली दिसते. तिच्या अंगावर दोन रेघा असतात, वरची 'मॅक्स' आणि खालची 'मिन'. बहुतेक जण तिच्याकडे दोनदाच बघतात: गाडी घाटात वाफा सोडायला लागते तेव्हा, आणि सर्व्हिसिंगचं बिल हातात पडतं तेव्हा. या बाटलीतली पातळी वर-खाली का होते, बाहेर सांडलं तर घाबरायचं का, आणि ती किती भरायची, एवढंच मला या लेखात सांगायचं आहे.

मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. माझ्या सेमिनारचा विषय होता 'गायरोप्लेनचं इंजिन थंड कसं ठेवतात'. त्याच टर्ममध्ये आमचं एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर पालघर जिल्ह्यात, मोखाडा तालुक्यातल्या पोशेरा गावी झालं. सेमिनारच्या आकृतीत आणि शिबिराच्या जीपमध्ये मला तीच बाटली भेटली. शाळा कॉन्व्हेंटची असल्यामुळे 'शीतक द्रव' वगैरे शब्द मला शब्दकोशात शोधावे लागतात. तिथले जीपवाले काका सरळ 'कूलंट' म्हणतात, मीही तेच म्हणणार आहे.

आधी गायरोप्लेनची ओळख करून देते. दिसायला तो हेलिकॉप्टरचा धाकटा भाऊ. पण त्याचं डोक्यावरचं मोठं पातं उडताना इंजिनाने फिरत नाही, खालून येणाऱ्या हवेने फिरतं. इंजिन फक्त पाठीमागचा पंखा फिरवून यानाला पुढे ढकलतं. स्पेनच्या हुआन दे ला सिएर्व्हा यांचं असं यान १९२३ साली माद्रिदजवळ पहिल्यांदा नीट उडालं. आजच्या बऱ्याच गायरोप्लेनमध्ये रोटॅक्स या ऑस्ट्रियन कंपनीचं ९१२ किंवा टर्बोवालं ९१४ इंजिन असतं. त्याचे सिलिंडर हवेने थंड होतात, पण सिलिंडर हेड, म्हणजे जिथे सगळ्यात जास्त आग असते तो भाग, कूलंटने थंड होतो.

आता गंमत बघा. उड्डाणाआधी गायरोप्लेन जमिनीवर उभा असतो आणि इंजिनाची थोडी ताकद उसनी घेऊन वरचं पातं मिनिटाला दोनशेच्या आसपास फेऱ्यांपर्यंत नेतात. त्या वेळी इंजिनावर लोड असतो, पण रेडिएटरवर समोरून वारा नसतो. भरलेली जीप चढावर पहिल्या गिअरमध्ये रांगत जाते तेव्हा तिचंही नेमकं हेच होतं. लोड पूर्ण, वारा जवळपास नाही. म्हणून जव्हार-मोखाडा-त्र्यंबक रस्त्याची जीप आणि आकाशातला गायरोप्लेन या बाबतीत सख्खे भाऊ आहेत.

पेट्रोल किंवा डिझेल जाळून जी ऊर्जा मिळते, तिचा ढोबळ मानाने एक तृतीयांश भाग कामाला येतो, एक तृतीयांश सायलेन्सरमधून जातो आणि उरलेला कूलंटच्या माथी येतो. कूलंट तापतो आणि फुगतो. किती? २० अंशांवरचं ८ लिटर पाणी ९० अंशांपर्यंत तापलं की सुमारे पाव लिटर जास्त जागा मागतं. ग्लायकोल मिसळलेला कूलंट याहूनही थोडा जास्त फुगतो. सिस्टिम तर आधीच काठोकाठ भरलेली. मग हा पाव लिटर जाणार कुठे?

इथे रेडिएटरच्या झाकणाची करामत सुरू होते. ते नुसतं झाकण नाही, त्यात दोन व्हॉल्व्ह असतात. पहिला स्प्रिंगने दाबलेला असतो. आतला दाब ठरावीक आकड्याच्या वर गेला, समजा ०.९ बार, की तो उघडतो आणि जादा कूलंट पाइपातून बाटलीत सोडतो. दाब धरून ठेवण्याचा फायदा आपल्या मेसमधल्या कुकरला विचारा. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांना उकळतं, पण ०.९ बार जास्त दाबाखाली ते सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. उंचीवर हा हिशोब बदलतो. दर ३०० मीटर चढलं की पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण १ अंशाने उतरतो. जव्हारच्या उंचीवर दीड अंशाचाच फरक पडतो, पण ३००० मीटरवर उडणाऱ्या यानात उघडं पाणी ९० अंशांनाच उकळेल. म्हणून तिथे झाकणाला जीपपेक्षाही जास्त महत्त्व.

दुसरा व्हॉल्व्ह छोटासा, मधोमध असतो. हाच आपल्या गोष्टीचा हीरो! इंजिन थंड होताना कूलंट आक्रसतो आणि आत पोकळी तयार होते. तेव्हा हा व्हॉल्व्ह उलट्या दिशेने उघडतो आणि बाटलीत गेलेला कूलंट परत आत ओढून घेतो. काकांनी मला हेच एका वाक्यात सांगितलं होतं, "ताई, गाडी रात्री बाटलीतलं पाणी परत पिते." माझ्या सेमिनारच्या सहा स्लाइड्स या एका वाक्यात मावतात.

थोडक्यात, गरम इंजिनाने बाटलीत कूलंट टाकणं हा बिघाड नाही, ते त्याचं कामच आहे. थंड झाल्यावर तो परत येतो की नाही, हा खरा प्रश्न.

यातूनच पातळी बघायचा नियम निघतो: इंजिन पूर्ण थंड असताना, सपाट जागेवर, सकाळी पहिल्यांदा सुरू करण्याआधी. रोटॅक्सच्या इंजिनात उड्डाणापूर्वी दोन गोष्टी बघतात. सर्वात उंचावर बसवलेली एक्स्पान्शन टाकी पूर्ण भरलेली हवी आणि ओव्हरफ्लो बाटली दोन रेघांच्या मध्ये हवी. नुसती बाटली बघून चालत नाही, कारण पाइप फाटला असेल तर बाटली भरलेली आणि टाकी रिकामी असंही होऊ शकतं. आणि बाटली गळ्यापर्यंत भरली तर तो पाव लिटर मावायला जागाच उरत नाही, तो सरळ रस्त्यावर जातो. लोकांना वाटतं इंजिन बिघडलं, बिघडलेला असतो फक्त आपला अंदाज.

खरी लक्षणं अशी ओळखा. बाटली गरम असताना भरते पण सकाळी उतरत नाही: झाकणाचं रबर कडक झालंय, छोटा व्हॉल्व्ह अडकलाय किंवा पाइपाला चीर आहे. थंड झाल्यावर रेडिएटरचा होज पिचकलेला दिसतो: छोटा व्हॉल्व्ह उघडतच नाहीये. पातळी रोज थोडी थोडी उतरते: कुठेतरी गळती आहे, पंपाजवळ सुकलेले डाग शोधा. थंड इंजिन सुरू करताच बाटलीत सतत बुडबुडे येतात: हेड गॅस्केटमधून जळलेला गॅस कूलंटमध्ये शिरतोय, गाडी पुढे नेऊच नका.

आणि गरम झाकण कधीही उघडू नका. आतलं ११० अंशांचं पाणी दाबामुळेच पाणी राहिलेलं असतं. झाकण फिरवलं की दाब जातो, त्यातल्या काही पाण्याची क्षणात वाफ होते आणि उरलेलं उकळतं पाणी तुमच्या तोंडावर येतं.

आता पोशेऱ्याकडे वळते, कारण तिथे हा पाव लिटर फार महाग आहे. जुन्या जीपमध्ये बाटलीच नसते, ओव्हरफ्लोचा पाइप सरळ जमिनीकडे सोडलेला असतो. प्रत्येक मोठ्या चढाला थोडं पाणी रस्त्यावर सांडतं आणि थंड होताना त्या जागी हवा शिरते. मग रोज टॉप-अप. मोखाडा तालुक्यात पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो, मुंबईला पाणी देणारं मध्य वैतरणा धरणही याच तालुक्यात आहे, पण एप्रिल-मे मध्ये इथल्या पाड्यांवर टँकर येतात. तेव्हा रेडिएटरमध्ये ओतलेलं पाणी कुणा बाईच्या डोक्यावरच्या हंड्यातून आलेलं असतं. आणि जीपमध्ये बाळंतपणाची बाई असेल, जव्हारचं कुटीर रुग्णालय किंवा नाशिक गाठायचं असेल, तर घाटात इंजिन थंड व्हायची वाट बघणं म्हणजे काय, ते मी वेगळं सांगायला नको.

काकांनी यावर स्वस्त उपाय केला होता. ऑइलचा रिकामा जाड कॅन स्वच्छ धुऊन रेडिएटरशेजारी पट्टीने बसवला आणि पाइप त्यात सोडला. मिनरल वॉटरची बाटली चालत नाही, गरम पाण्याने ती मऊ पडते. तीन अटी मात्र पाळाव्या लागतात. पाइपाचं टोक कॅनच्या तळाशी, पाण्यात बुडालेलं हवं, नाहीतर हवा ओढली जाते. कॅनच्या बुचाला छोटं भोक हवं. आणि रेडिएटरचं झाकण छोट्या व्हॉल्व्हचं आणि वरच्या कडेलाही रबर असलेलं हवं, नाहीतर पाण्याऐवजी कडेने हवा शिरते. गायरोप्लेनच्या आकृतीतही तत्त्व हेच आहे, फक्त बाटली जास्त देखणी आहे.

शक्य असेल तिथे नुसत्या पाण्याऐवजी कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं वापरावं. बोअरच्या पाण्याने आत क्षार बसतात आणि नुसत्या पाण्याने गंज चढतो. उतरल्यावर इंजिन लगेच बंद न करता दोन मिनिटं आयडलवर ठेवावं. बंद करताच पंप थांबतो, पण तापलेलं लोखंड कूलंटला तापवतच राहतं आणि मग शांत उभ्या गाडीची बाटली उतू जाते.

हॉस्टेलकरांनो, हे वाचून 'आपल्याला काय त्याचं' असं म्हणू नका. पार्किंगमधल्या केटीएम आणि आर-१५ ला अशीच बाटली आहे. परीक्षेच्या रात्री लाइट गेल्यावर जो जनरेटर आपली इज्जत वाचवतो, तोही लिक्विड-कूल्डच असतो. उद्या सकाळी किक किंवा बटण मारण्याआधी, इंजिन थंड असताना, एकदा त्या दोन रेघांकडे बघा. मार्करने बाटलीवर आजच्या पातळीची खूण करा आणि आठवडाभर रोज बघा. खूण आणि पातळी जुळत राहिली तर गाडी रात्री आपलं पाणी परत पितेय, तुम्ही निवांत घाट चढा. जुळली नाही तर घाटात कळण्याआधी तुम्हाला पार्किंगमध्येच कळलं, हाही फायदाच.