तेच कोडे पुन्हा कसे आले?

शब्दकोड्यांचा कार्यक्रम वर्षानुवर्षे चालू राहिला, की नियमित प्रेक्षकांपैकी कोणीतरी एक दिवस म्हणतोच, “हे कोडे तर मागे येऊन गेले आहे!” मग शंका सुरू होतात. कोडी रचणाऱ्यांनी आळस केला असेल, किंवा एखाद्या स्पर्धकाला उत्तर आधीच ठाऊक असेल. अशा शंकेला कितपत आधार आहे, हे गणिताने तपासता येते. आणि हे गणित दूरदर्शन संचापेक्षा आपल्या वर्गातच अधिक उपयोगी पडते, असे आम्हांला वाटते.

ब्रिटनमधील ‘काउंटडाउन’ या कार्यक्रमाचे उदाहरण घेऊ. २ नोव्हेंबर १९८२ रोजी ‘चॅनल फोर’ ही वाहिनी सुरू झाली, तेव्हा तिच्यावर दाखवलेला पहिला कार्यक्रम हाच होता. त्याचा मूळ नमुना फ्रेंच. प्रत्येक भागाच्या शेवटी नऊ अक्षरी इंग्रजी शब्दाची अक्षरे विस्कटून दाखवतात आणि तीस सेकंदांत मूळ शब्द ओळखायचा असतो. सप्टेंबर २०१४ मध्ये या कार्यक्रमाचा सहा हजारावा भाग झाला. भागाला एक कोडे धरले तरी तोवर सुमारे सहा हजार कोडी झाली.

इंग्रजीत नऊ अक्षरी शब्द हजारोंनी आहेत. पण सगळे उपयोगाचे नसतात. ज्यांची अक्षरे फिरवून दुसरा शब्द होतो ते बाद, फार अपरिचित ते बाद, चारचौघांत न शोभणारे बाद. समजा, चाळणीतून दहा हजार शब्द उरले. दर वेळी त्यांतून एक शब्द डोळे मिटून उचलला, तर पहिली पुनरावृत्ती केव्हा होईल? बहुतेकांचा अंदाज काही हजारांच्या घरात जातो. उत्तर मात्र आश्चर्याचे आहे. ११९ कोडी झाली, की एखादे तरी कोडे दुसऱ्यांदा आलेले असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त होते. २५० कोड्यांनंतर ती ९६ टक्क्यांवर जाते.

असे का व्हावे? आपली चूक अशी होते, की आपण ‘अमुक एक कोडे’ परत येण्याचा विचार करतो. ते अवघडच आहे. परंतु येथे प्रश्न ‘कोणतेही दोन सारखे’ असण्याचा आहे. म्हणून कोडी न मोजता जोड्या मोजाव्या लागतात. ११९ कोड्यांतून ११९ × ११८ ÷ २ म्हणजे ७,०२१ जोड्या होतात. प्रत्येक जोडी जुळण्याची शक्यता दहा हजारांत एकच. पण जोड्याच सात हजार आहेत! वर्गातल्या वाढदिवसांचे कोडे असेच सुटते. ४० विद्यार्थ्यांच्या वर्गात ७८० जोड्या होतात, आणि निदान दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता ८९ टक्के असते. हजेरीपट घेऊन हे आजच पडताळता येईल.

आता मराठीकडे वळू. शिष्यवृत्तीच्या सरावात ‘अक्षरे जुळवून अर्थपूर्ण शब्द बनवा’ हा प्रकार शिक्षकांच्या परिचयाचा आहे. इंग्रजीत नऊ वेगवेगळी अक्षरे ३,६२,८८० प्रकारे मांडता येतात. मराठीत काना-मात्रा अक्षराला चिकटून राहतात, त्यामुळे ‘लातूर’ आणि ‘नांदेड’ ही दोन्ही नावे तीनच अक्षरांची ठरतात. तीन अक्षरांच्या मांडण्या फक्त सहा. ‘मराठवाडा’ पाच अक्षरांचा, त्याच्या मांडण्या १२०. म्हणजे छोटे शब्द फार सोपे होतात. शिवाय काही शब्द दोन उत्तरे देतात : ग, म, र यांतून ‘मगर’ही होतो आणि ‘गरम’ही, क, म, ल यांतून ‘कमल’ आणि ‘कलम’. असे शब्द परीक्षेत चालत नाहीत. जोडाक्षराने शब्दाचा सुगावा लागतो, तेही टाळावे लागते. एवढी चाळण लावल्यावर, समजा, ३०० चांगले शब्द उरले. तर अवघ्या २१ कोड्यांत पुनरावृत्तीची शक्यता निम्म्यावर जाते.

साठा किती मोठा आहे हे माहीत नसेल, तर पुनरावृत्तीवरूनच त्याचा अंदाज बांधता येतो. असे समजा, की लातूरच्या एका शिक्षिकेने आणि नांदेडच्या एका शिक्षकाने एकमेकांना न विचारता एकाच पाठ्यपुस्तकातून प्रत्येकी ६० शब्द निवडले. याद्या शेजारी ठेवल्या तेव्हा १२ शब्द सारखे निघाले. म्हणजे नांदेडच्या यादीचा पाचवा हिस्सा लातूरच्या यादीत सापडला. त्यावरून लातूरची यादी ही एकूण साठ्याचा पाचवा हिस्सा असावी. साठा ६० × ५ म्हणजे सुमारे ३०० शब्दांचा. विष्णुपुरी जलाशयातील मासे मोजायचे झाले तर हीच रीत वापरता येईल. काही मासे पकडून, खूण करून सोडायचे. पुन्हा जाळे टाकायचे आणि त्यात खुणेचे किती आले ते पाहायचे.

या रीतीला एक अट आहे. प्रत्येक शब्द निवडला जाण्याची संधी सारखी हवी. माणसे तशी निवड करीत नाहीत. शिक्षकाला काही शब्द आवडतात, काही सुचतच नाहीत. त्यामुळे जुळणारे शब्द वाढतात आणि साठा आहे त्याहून लहान भासतो.

लातूर-नांदेडकडे या गणिताला विशेष महत्त्व आहे. येथे परीक्षांच्या तयारीचा मोठा व्याप आहे. सरावातील प्रश्न परीक्षेत आले, की कोणी त्याची जाहिरात करतो, तर कोणी पेपर फुटल्याची कुजबुज करतो. समजा, ३०० शब्दांपैकी १५० एका वर्गात घोटून घेतले आहेत आणि परीक्षेत दहा कोडी आली. त्यांतील पाच ओळखीची निघणे हे निव्वळ योगायोगानेही अपेक्षितच आहे. त्यात ना शिकवणीचे दिव्य, ना फुटलेला पेपर. दहाच्या दहा ओळखीची निघाली, तर मात्र थांबून पाहिले पाहिजे, कारण योगायोगाने तसे हजारात जेमतेम एखाद्या वेळी घडेल. शब्दापेक्षा त्याच्या मांडणीचा पुरावा अधिक भक्कम असतो. तोच शब्द, तीच विस्कट, पर्यायांचा तोच क्रम आणि छपाईची तीच चूक असेल, तर ती नक्कल असण्याचा संशय रास्त ठरतो. कष्टाने मिळवलेल्या गुणांवर शिंतोडे उडण्याआधी हा फरक विद्यार्थ्यांना कळलेला बरा.

वर्गात प्रयोग करावा. शंभर चिठ्ठ्यांवर एकेक शब्द लिहून त्या डब्यात टाकाव्यात. एक चिठ्ठी काढावी, शब्द फळ्यावर लिहावा, चिठ्ठी परत टाकून डबा हलवावा. तेरा वेळा असे केले, की पुनरावृत्ती होण्याची शक्यता ५६ टक्के असते. गटागटाने प्रयोग करून निकाल एकत्र मांडावेत. मग काढलेली चिठ्ठी परत न टाकता तोच प्रयोग करावा. आता पुनरावृत्ती होणारच नाही. कोडी रचणाऱ्या शिक्षकासाठी उपायही यातच आहे. वापरलेला शब्द तारखेसह वहीत टिपून ठेवावा, म्हणजे ३०० शब्दांचा साठा ३०० दिवस पुरतो.