मआसीतपासून मुसमेखेतपर्यंत

मुंबईच्या इस्पितळात नर्सला सगळे ‘सिस्टर’ म्हणून हाक मारतात. हिब्रूतही तसेच आहे. नर्स म्हणजे ‘आखोत’, आणि आखोत म्हणजे बहीण. पुरुष नर्स असेल तर ‘आख’, म्हणजे भाऊ. भारतातून अलिया करून आलेल्या बायकांना हा शब्द लगेच आपला वाटला. पण त्याच्यामागून येणारा दुसरा शब्द जास्त महत्त्वाचा होता, कारण कामाची हद्द, पगार आणि वॉर्डातला मान त्यावर ठरत असे. एक ‘आखोत मआसीत’ आणि दुसरी ‘आखोत मुसमेखेत’.

‘मआसीत’ हा शब्द ‘मआसे’वरून आला. मआसे म्हणजे कृती, हाताने केलेले काम. ‘मुसमेखेत’चा धातू मात्र ‘सामाख’, म्हणजे टेकणे, भार टाकणे. मोशेने यहोशवावर हात ठेवून त्याला अधिकार दिला तो याच धातूतला विधी, आणि रब्बीला मिळणारी ‘स्मिखा’ही त्यातलीच. तेव्हा मुसमेखेत म्हणजे जिच्यावर भार टाकता येतो, जिला अधिकार दिलेला आहे अशी नर्स.

व्यवहारात फरक असा. मआसीतचे प्रशिक्षण कमी मुदतीचे आणि शाळेची अटही कमी. ती रोग्याला न्हाऊमाखू घालते, ताप आणि रक्तदाब पाहते, पट्ट्या बदलते, जेवू घालते, पण मुसमेखेतच्या देखरेखीखाली. शिरेतून द्यायची औषधे, रक्त चढवणे, अख्ख्या शिफ्टची जबाबदारी ही कामे मुसमेखेतची. वीस वर्षे त्याच वॉर्डात काढलेली मआसीत नवख्या मुलीला रोग्याची कूस कशी बदलावी हे शिकवते, आणि पुढच्याच वर्षी ती मुलगी तिच्यावर शिफ्टची प्रमुख म्हणून येते. यात त्या मुलीचा दोष काहीच नाही. पण घरी गेल्यावर बाईला झोप येत नाही, हेही खरे.

भारतातही अशा पायऱ्या आहेत. एएनएम दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा. आणि जीएनएम झालेलीला दोन वर्षांचा पोस्ट-बेसिक अभ्यास करून पदवी घेता येते. एक फरक ध्यानात ठेवावा. जीएनएममध्ये सुईणीचे शिक्षण आतच असते. इस्राएलमध्ये आधी मुसमेखेत व्हावे लागते आणि सुईणपणाचा अभ्यास त्यानंतर वेगळा. असे जे पुढचे अभ्यास आहेत (अतिदक्षता विभाग, डायलिसिस, सुईणपण) त्यांना ‘अल-बसीसी’ म्हणतात. मआसीतला त्यांचे दार बंद असते. म्हणून एका पायरीवर अडले की पुढच्या साऱ्याच अडतात.

ही पायरी ओलांडण्यासाठी जो अभ्यास असतो त्याला ‘हश्लामा’ म्हणतात. हा शब्द ‘शालेम’ आणि ‘शालोम’ यांच्या घरचाच. अर्थ, जे अपुरे राहिले ते पुरे करणे. शिकणारीला पहिल्या दिवसापासून सुरुवात करावी लागत नाही, केलेले काम जमेस धरतात. मात्र आधी शाळेचे शिक्षण पुरे हवे. ‘बगरूत’ नसेल तर ‘मखीना’त बसून तयारी करायची. मग आरोग्य मंत्रालयाने मान्य केलेल्या नर्सिंग शाळेत शरीररचना, औषधशास्त्र आणि रोगांचा अभ्यास, सोबत वेगवेगळ्या वॉर्डांत काम. शेवटी सरकारी परवाना परीक्षा. ती उत्तीर्ण झाल्याशिवाय ‘मुसमेखेत’ म्हणवून घेता येत नाही, मग शाळेतले गुण कितीही चांगले असोत.

परीक्षेत पुष्कळजणींना हिब्रू जड जाते. बोलण्याची हिब्रू वेगळी आणि छापील प्रश्नाची वेगळी. ‘यापैकी प्रथम काय कराल?’ असा प्रश्न असतो, चारही उत्तरे बरोबर दिसतात, आणि ‘प्रथम’ हा एक शब्द नजरेतून सुटला की गुण गेला.

गणिताची भीती मात्र आपल्या बायकांनी बाळगू नये. माझगावच्या इस्रायली शाळेत (१८७५ साली निघालेली, पुढे सर एली कदूरी नावाने ओळखली गेलेली) किंवा कोकणातल्या कुठल्याही मराठी शाळेत जे त्रैराशिक शिकवले, तेच इथे लागते. डॉक्टरने १५ मिलिग्रॅम औषध लिहिले आहे, आणि कुपीत २ मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम आहे. २० ला २, तर १५ ला किती? १५ गुणिले २ भागिले २०, म्हणजे दीड मिलिलिटर. सलाईनचेही तसेच. १००० मिलिलिटर ८ तासांत जायचे आहे आणि नळीतून एका मिलिलिटरचे २० थेंब पडतात. एकूण थेंब २०,०००. आठ तासांची मिनिटे ४८०. भागाकार केला की मिनिटाला सुमारे ४२ थेंब. घड्याळ समोर धरून मोजता येतात. उत्तर आल्यावर ते संभवते का, हे एकदा स्वतःला विचारावे. दीडच्या जागी पंधरा मिलिलिटर आले तर दशांशचिन्ह घसरले असे समजावे. कागदावर ती चूक एका गुणाची, वॉर्डात एका जिवाची.

बेने इस्राएल घरांत स्त्रियांनी वैद्यकात शिरणे नवे नाही. डॉ. जेरुशा झिराड १९२८ ते १९४७ मुंबईच्या कामा इस्पितळाच्या प्रमुख होत्या. तरी चाळिशीनंतर पुस्तक हाती घेणे सोपे नसते. रात्रपाळी, घरचा स्वयंपाक, शब्बाथची तयारी, आणि ‘आता या वयात कशाला?’ असे विचारणारी सासरची मंडळी. अभ्यासाच्या काळात काम कमी केले तर पगारही कमी होतो. तो हिशेब नवऱ्याने व मुलांनी आधीच बसून करावा, मध्येच नव्हे. मुलांना हिब्रू आईपेक्षा चांगली येते. त्यांनी रोज अर्धा तास प्रश्न मोठ्याने वाचून दाखवले तरी खूप झाले.

सर्वांत आधी कागदपत्रे पाहावीत. भारतातल्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचे आडनाव, समजा पेणकर. इथल्या ओळखपत्रावर सासरचे किंवा बदलून घेतलेले हिब्रू नाव. दोन्ही नावे एकाच बाईची आहेत हे दाखवणारा लग्नाचा कागद सोबत लागतो, आणि मराठी दाखल्याचे नोटरीने प्रमाणित केलेले भाषांतरही. दाखला हरवला असेल तर शाळेला पत्र टाकून दुसरी प्रत मागवावी. उत्तराला वेळ लागतो, म्हणून प्रवेशाची तारीख जाहीर होण्याची वाट पाहत बसू नये.