समासातले प्रश्न

कादंबऱ्यांचं संपादन करते असं सांगितलं, की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ बघता का? जबलपुरात त्याला एक जोडप्रश्नही येतो. इथे मराठी पुस्तकं छापतं कोण? माझ्याकडची तरी इथे कोणी छापत नाही. ती पुण्यात, मुंबईत, नागपुरात निघतात. माझ्याकडे येते ती नुसती संहिता, हल्ली ईमेलनेच. मी राइट टाउनमधल्या एका दुकानातून तिची कागदी प्रत काढून आणते, कारण पडद्यावर मला चुका दिसतात, कादंबरी दिसत नाही.

ऱ्हस्व-दीर्घाचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो, आणि ते काम मुद्रितशोधक माझ्याहून चांगलं करतात. माझं पहिलं वाचन पेन्सिल हातात न घेता होतं. कुठे कंटाळा आला, कुठे मागची पानं पुन्हा चाळावी लागली, एवढंच लक्षात ठेवायचं. दुसऱ्या वाचनाला वही लागते. पात्रांची जन्मवर्षं, लग्नं, मृत्यू, घराची रचना, कोणत्या खिडकीतून काय दिसतं, सगळं तिच्यात उतरवते. पान ३८ वर वारलेली आत्या पान २११ वर खुशाल लोणचं घालत असते. लक्ष्मीपूजनाच्या रात्री अंगणात चांदणं पाडणारे लेखक तर मला हटकून भेटतात. अमावास्या आहे हो, असं लिहिलं की काही जण चक्क रागावतात. पण ही सगळी हमाली झाली. संपादन सुरू होतं ते त्यानंतर लेखकाला पत्र लिहायला बसल्यावर, आणि त्या पत्रात काय लिहायचं नाही हे ठरवताना.

सध्या हातात असलेलंच उदाहरण देते. लेखक इथल्याच रांझीत वाढलेला, आता पुण्यात नोकरी करणारा. पुस्तक अजून यायचं आहे, म्हणून नाव सांगत नाही. कादंबरी इथल्या आयुध कारखान्यात काम करणाऱ्या एका मराठी कुटुंबाची आहे. जबलपूरला गन कॅरेज फॅक्टरी १९०४ पासून आहे, पुढे खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना आला, मग व्हीकल फॅक्टरी. या कारखान्यांच्या भोंग्यावर ज्यांची घड्याळं चालली, त्यांत मराठी घरंही होती. कादंबरीच्या मध्यावर १९९७ चा भूकंप येतो. संहितेत तो असा होता : संध्याकाळची वेळ, आई वरणाला फोडणी घालते आहे, वडील नुकतेच कामावरून आलेत, दिवा झोके घेऊ लागतो, पातेलं कलंडतं, सगळे बाहेर धावतात. प्रसंग बेतशीर लिहिलेला होता. वाचताना डोळ्यांपुढे उभा राहत होता.

फक्त तो भूकंप संध्याकाळी झालाच नव्हता. २२ मे १९९७ च्या पहाटे, चार वाजून गेल्यावर झाला. लेखक तेव्हा शाळकरी, सुट्टीत मामाकडे नागपूरला. मी इथेच होते.

आता समासात काय लिहायचं? 'वेळ चुकली, दुरुस्त करावी' एवढं लिहिलं असतं, तर त्याने फोडणी काढून पांघरूण घातलं असतं आणि प्रसंग तसाच राहिला असता. काय घडावं हेही मला सुचवता आलं असतं, कल्पना डोक्यात होत्याच. पण मी लिहिलं, 'भूकंप पहाटे झाला. मे महिना. त्या वेळी या घरातलं कोण कुठे झोपलं होतं?'

बरेच दिवस उत्तर नाही. मग फोन आला. म्हणाला, "ताई, मी सगळ्यांच्या खाटा मांडून बघितल्या. मुलगा आणि सून गच्चीवर, आजी अंगणात मोगऱ्याजवळ, आई दाराशी. बाबांची खाट रिकामी आहे."

"रात्रपाळी?"

"त्या आठवड्यात नाही. तुमच्याच वहीत आहे की ते."

वडील पहाटे चारला घरी नाहीत आणि पाळीही नाही. सगळा मोहल्ला रस्त्यावर आल्यामुळे हे सगळ्या मोहल्ल्याला एकदमच कळतं. कादंबरीचा पुढचा निम्मा भाग त्या रिकाम्या खाटेतून नव्याने लिहिला गेला. ती खाट माझ्या डोक्यात नव्हती. मी विचारलं होतं ते फक्त झोपण्याच्या जागांबद्दल.

संपादनाबद्दल माझं एवढंच म्हणणं आहे. प्रश्न संपादकाने विचारावा, उत्तर लेखकाचं असावं. संपादकाने दिलेलं उत्तर चांगलं असलं तरी कादंबरीत उसनं दिसतं, दुसऱ्याच्या मापाचा सदरा घातल्यासारखं.

या धंद्यातलं सगळ्यांत मोठं नाव हेच करत असे. मॅक्सवेल पर्किन्स, न्यूयॉर्कच्या स्क्रिब्नर्स प्रकाशनातले. १९२४ च्या नोव्हेंबरात फिट्झजेराल्डच्या 'द ग्रेट गॅट्स्बी'ची संहिता वाचून त्यांनी भरभरून कौतुक केलं आणि दोन शंका काढल्या. गॅट्स्बी हा माणूस धूसर राहतो, आणि त्याच्याकडे पैसा आला कुठून याचा वाचकाला अंदाज लागायला हवा. कसं करायचं ते लेखकावर सोडलं. फिट्झजेराल्डने त्या हिवाळ्यात रोममध्ये बसून प्रुफांवरच मोठे बदल केले, गॅट्स्बीचा भूतकाळ तुकड्यातुकड्याने आधीच्या प्रकरणांत पेरला. पुस्तक एप्रिल १९२५ मध्ये आलं.

पर्किन्सचा आणखी एक किस्सा मराठी वाचकाच्या अगदी घरातला आहे, पण त्याला तो ठाऊक नसतो. फ्लॉरिडाच्या रानात राहणाऱ्या मार्जरी किनन रॉलिंग्ज या लेखिकेला पर्किन्सने १९३३ मध्ये सुचवलं, की त्या रानातल्या एका मुलाबद्दल लिहा. त्यांना ते लगेच मानवलं नाही. मध्ये त्यांनी दुसरी कादंबरी लिहिली. मग १९३८ मध्ये 'द यर्लिंग' आली आणि पुढच्या वर्षी तिला पुलित्झर मिळालं. आपल्याकडे ती 'पाडस' झाली. अनुवादक राम पटवर्धन, म्हणजे 'सत्यकथा' मासिकाचे संपादक. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या हस्तलिखितांवर डोळे झिजवले, त्याच्या स्वतःच्या नावावरचं इतकं लाडकं पुस्तक एका परदेशी संपादकाच्या सूचनेतून उगवलेलं असावं, याची मला मोठी गंमत वाटते.

पटवर्धन आणि मौज प्रकाशनाचे श्री. पु. भागवत यांनी गिरगावातल्या खटाववाडीत बसून जे केलं, ते मराठीत या कामाचा मानदंड ठरलं. लेखन साभार परत करायचं, पण का ते सांगून. पुन्हा लिहायला लावायचं, आणि पुन्हा लिहिलेलं पुन्हा वाचायचं. मौजेने व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' काढली, चिं. त्र्यं. खानोलकरांची 'रात्र काळी, घागर काळी' काढली, आनंद यादवांचा 'गोतावळा' काढला, पुढे नागपूरच्या आशा बगे यांची 'भूमी' आणि मिलिंद बोकील यांची 'शाळा' काढली. ही पुस्तकं एका सुरातली नाहीत, हे मला महत्त्वाचं वाटतं.

अर्थात दुसरी बाजूही होतीच. १९६९ मध्ये तरुण कवींनी 'सत्यकथे'ची होळी केली. या संपादकांची अभिरुची हा साचा झाला आहे आणि त्यात न बसणारं मराठी बाहेर राहतं, असा त्यांचा आरोप होता. तो पोकळ नव्हता. चांगल्या संपादकाच्या हातून हेच होण्याची भीती जास्त, कारण त्याचा शब्द कोणी सहसा मोडत नाही. मी स्वतः ज्या मराठीत वाढले, ती हिंदीच्या शेजाराने वळलेली आहे. रांझीच्या कादंबरीतले संवाद पुण्याच्या मुद्रितशोधकाने सरळ करून पाठवले, तेव्हा प्रत्येक ओळीशेजारी 'आहे तसं ठेवा' लिहिताना पेन्सिल संपत आली.

हिंदीवाल्यांचं जबलपूर संपादकांच्या बाबतीत आपल्याहून श्रीमंत. हरिशंकर परसाई इथून 'वसुधा' मासिक काढत. तिच्यात गजानन माधव मुक्तिबोधांची 'एक साहित्यिक की डायरी' येत असे. मुक्तिबोधांचं घर मराठी. धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीतले कवी आणि 'क्षिप्रा', 'सरहद्द'चे कादंबरीकार. गजानन माधव काही काळ इथे शिक्षकही होते. हा माणूस आपल्या दीर्घ कविता वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा लिहीत बसायचा. पहिला कवितासंग्रह निघाला १९६४ मध्ये, तोही आजारपणात मित्रांनी जुळवलेला, आणि तो हातात पडण्याआधीच ते गेले. गद्य मात्र वेळच्या वेळी छापून आलं, कारण मासिकाच्या संपादकापाशी तारीख असते. अंक निघायचा असतो, मजकूर द्यावाच लागतो.

नंतर इथल्याच आधारतालहून ज्ञानरंजन यांनी १९७३ मध्ये 'पहल' हे नियतकालिक सुरू केलं. जन्म अकोल्याचा, नोकरी इथल्या महाविद्यालयात हिंदी शिकवण्याची. स्वतः नावाजलेले कथाकार, पण कथा लिहिणं थांबलं आणि अंक चालत राहिला. २००८ मध्ये बंद केला, २०१३ मध्ये पुन्हा सुरू केला आणि १२५ व्या अंकापर्यंत नेला. इतरांचं लिखाण वाचण्यात स्वतःचं लिहिणं मागे पडतं, हे या कामातलं जुनं दुखणं. ज्ञानरंजन यांना ते दुखणं वाटलं असेलच असं नाही. मला कधीकधी वाटतं.

कादंबरीच्या संपादकापाशी तारीख नसते. पुष्कळदा कादंबरीपाशी संपादकच नसतो. संहिता आली, अक्षरजुळणीला गेली, प्रुफं तपासली, पुस्तक तयार, असाच बऱ्याच ठिकाणचा रिवाज. लेखकच छपाईचा खर्च उचलत असेल, तर त्याला प्रश्न विचारणार कोण? श्रेयपानावर मुखपृष्ठकाराचं नाव असतं, अक्षरजुळणी करणाऱ्याचं असतं, मुद्रणस्थळ असतं. संपादकाचं नाव क्वचित दिसतं. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. मानधनाचं वाटतं.

रांझीच्या कादंबरीचं शेवटचं प्रकरण अजून अडलेलं आहे. वडील त्या पहाटे कुठे होते, हे लेखकाने सात पानांत नीट उलगडून सांगितलंय. वाचताना माझा उत्साह गेला. समासात लिहिलं, 'हे मुलाला कधी कळतं? की कळतच नाही?' त्यावर तो चिडला आहे. म्हणतो, "ताई, आधी तुम्हीच खाट रिकामी करायला लावलीत." मी लावली नव्हती, पण हा वाद फोनवर घालण्यात अर्थ नाही. प्रकाशकांना पुस्तक दिवाळीआधी हवंय. त्यांना मी कळवलंय, की त्या सात पानांचं काय होतं ते बघू, मग तारखेचं बोलू.