दुसऱ्यांच्या रेषांतून स्वतःच्या रंगांकडे

जलरंगातील निसर्गचित्र हा आज आपणांस चित्रकलेचा एक स्वतंत्र प्रकार म्हणून परिचित आहे. परंतु अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये त्यास तैलचित्राचा मान नव्हता. जुन्या वास्तूंची रेखाटने करावी, करड्या रंगाने छाया दाखवावी आणि वरून पातळ रंगाचा हात फिरवावा, अशी त्याची रूढ पद्धत होती. ही चाकोरी ज्यांनी मोडली, त्यांत टॉमस गर्टिन याचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

गर्टिनचा जन्म १७७५ साली लंडनच्या सदर्क भागात झाला. वडील ब्रश तयार करीत. ते त्याच्या बालपणीच वारले. १७८९ साली तो एडवर्ड डेज या चित्रकाराकडे उमेदवारी करू लागला. पुढे जेम्स मूर या हौशी पुराणवस्तुप्रेमी गृहस्थाच्या कच्च्या रेखाटनांवरून चित्रे तयार करून देण्याचे कामही त्याने केले.

याच सुमारास डॉ. टॉमस मन्रो यांनी आपल्या घरी काही तरुणांना कामास लावले होते. गर्टिन आणि त्याच्याच वयाचा टर्नर हे दोघे तेथे तीन वर्षे जात असत. सायंकाळी सहापासून दहापर्यंत काम चाले. समोर बहुधा जॉन रॉबर्ट कझन्स याची चित्रे असत. गर्टिनने रेषा काढाव्यात आणि टर्नरने त्यांत रंग भरावेत, अशी वाटणी होती. म्हणजे ज्याची कीर्ती पुढे रंगासाठी झाली, त्याच्या हाती तेथे केवळ पेन्सिल होती!

१७९६ साली गर्टिन उत्तर इंग्लंडच्या प्रवासास निघाला. आता समोर दुसऱ्याचे रेखाटन नव्हते. खुली माळराने होती आणि ढगांनी भरलेले आकाश होते. करड्या छायेचा आधार सोडून त्याने जाड, खरबरीत कागदावर थेट रंगांचे रुंद हात दिले. जुनी वास्तू आता परिसराचा केवळ एक भाग झाली. १८०० सालच्या ‘चेल्सी येथील पांढरे घर’ या चित्रात तर नदी, सांजप्रकाश आणि एक लहानसे घर यांनाच प्राधान्य आहे.

१८०२ साली, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, गर्टिनचे निधन झाले. स्वतःच्या वाटेने चालण्यास त्याला जेमतेम सहा वर्षे लाभली; पण त्यामागे दीर्घ उमेदवारी होती. आपल्या घरी एखादे मूल दुसऱ्याचे चित्र पाहून रेषा गिरवीत बसले असेल, तर त्यास हिणवू नये. मात्र हात बसला की त्यास मोकळ्या आकाशाखाली अवश्य न्यावे.