अरेखित स्नायू

अन्नमार्ग, रक्तवाहिन्या, श्वासनलिकांच्या शाखा, मूत्राशय, गर्भाशय इ. पोकळ अवयवांच्या भित्तींत असणाऱ्या व इच्छेच्या नियंत्रणाखाली नसणाऱ्या स्नायूंना अरेखित किंवा अनैच्छिक स्नायू म्हणतात. सूक्ष्मदर्शकाखाली कंकाल-स्नायूंत (हाडांना जोडलेल्या स्नायूंत) दिसणारे आडवे पट्टे त्यांत आढळत नाहीत, म्हणून ‘अरेखित’ हे नाव पडले. कंकाल-स्नायूंचे कार्य त्वरित हालचाल घडविणे हे, तर अरेखित स्नायूंचे मुख्य कार्य अल्प ऊर्जेत दीर्घकाळ ताण टिकविणे हे असते. दोहोंतील बहुतेक फरक या कार्यभेदाशी निगडित आहेत.

रचना : अरेखित स्नायूची कोशिका (पेशी) मध्यभागी फुगीर व टोकांना निमुळती असून तीत एकच केंद्रक असते. तिची लांबी सु. २० ते ५०० मायक्रोमीटर असते. कंकाल-स्नायूचा तंतू मात्र कित्येक सेंमी. लांब व अनेक केंद्रकांचा असतो. ॲक्टिन व मायोसीन ही आकुंचनक्षम प्रथिने दोहोंत असतात. परंतु अरेखित स्नायूत त्यांची पट्ट्यांसारखी क्रमवार मांडणी नसते. ॲक्टिनाचे तंतुक कोशिकेत विखुरलेल्या ‘घन पिंडां’ना व कोशिकापटलाला जखडलेले असतात. त्यामुळे आकुंचनाच्या वेळी कोशिका सर्व बाजूंनी आवळली जाते.

आकुंचनाची यंत्रणा : दोन्ही प्रकारांत आकुंचनाचा संकेत कॅल्शियम आयनच देतात, परंतु तो निरनिराळ्या ठिकाणी ग्रहण केला जातो. कंकाल-स्नायूत कॅल्शियम ॲक्टिन-तंतुकावरील ट्रोपोनीन या प्रथिनाशी संयोग पावते व मायोसिनाला ॲक्टिनाशी जुळण्याचा मार्ग खुला होतो. अरेखित स्नायूत ट्रोपोनीन नसते. तेथे कॅल्शियम कॅल्मोड्युलीन या प्रथिनाशी संयोग पावते, हे संयुग एका एंझाइमाला उद्दीपित करते आणि ते एंझाइम मायोसिनाच्या हलक्या शृंखलेला फॉस्फेट गट जोडते. यानंतरच मायोसीन ॲक्टिनाला ओढू लागते. फॉस्फेट गट दुसऱ्या एंझाइमाने काढून टाकला की, शिथिलन होते.

या अनेक टप्प्यांमुळे आकुंचन मंदगतीने सुरू होते व कंकाल-स्नायूच्या तुलनेने बराच काळ टिकते. शिवाय फॉस्फेट गट निघून गेल्यावरही मायोसिनाचे काही सेतू ॲक्टिनापासून फार सावकाश सुटतात. दाराला आगळ घातल्याप्रमाणे ताण कायम राहतो आणि ऊर्जा फारच थोडी खर्च होते. ही ‘आगळ-अवस्था’ १९८१ मध्ये वर्णिली गेली. रक्तवाहिन्यांच्या भित्ती न थकता आयुष्यभर ताण धरू शकतात, याचे हे एक प्रमुख कारण होय.

नियंत्रण : कंकाल-स्नायू प्रेरक तंत्रिकेच्या (मज्जेच्या) आदेशावाचून आकुंचन पावत नाही. अरेखित स्नायूवर स्वायत्त तंत्रिका तंत्र, हॉर्मोने, ताणले जाणे व स्थानिक रासायनिक द्रव्ये यांचा परिणाम होतो आणि हे आदेश आकुंचनाचे तसेच शिथिलनाचेही असू शकतात. आतड्याच्या भित्तीत कोशिका परस्परांशी विद्युत् दृष्ट्या जोडलेल्या असून काहाल कोशिका त्यांना लय पुरवितात. मानवी जठरात या विद्युत् तरंगांची गती मिनिटाला सु. ३, तर ग्रहणीत (लहान आतड्याच्या आरंभीच्या भागात) सु. १२ असते. रक्तवाहिनीच्या अंतःस्तरातून निर्माण होणारा नायट्रिक ऑक्साइड वायू शिथिलन घडवितो. यासंबंधीच्या शोधांबद्दल फर्चगॉट, इग्नॅरो व म्युराड यांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

वैद्यकीय महत्त्व : दम्यामध्ये श्वासनलिकांचे अरेखित स्नायू आवळले जातात, सालब्युटामॉल ते शिथिल करते. रक्तवाहिन्यांच्या अरेखित स्नायूंना लागणारे कॅल्शियम बऱ्याच अंशी कोशिकेबाहेरून येते, तर कंकाल-स्नायूंना ते आतील साठ्यातून मिळते. म्हणूनच कॅल्शियमाचा प्रवेश रोखणाऱ्या निफेडिपिनासारख्या औषधांनी रक्तदाब उतरतो. पण हातापायांची शक्ती कमी होत नाही. प्रसूतीत वार पडल्यावर गर्भाशयाच्या भित्तीतील एकमेकांत विणलेले स्नायुतंतू घट्ट आकुंचन पावतात व त्यांमधून जाणाऱ्या रक्तवाहिन्या दाबून बंद करतात. हे आकुंचन नीट न झाल्यास थोड्याच वेळात प्राणघातक रक्तस्राव होऊ शकतो. तो टाळण्यासाठी मूल जन्मताच मातेला ऑक्सिटोसीन देण्याची पद्धत आहे.